खोबरेल : खाण्याचे की लावण्याचे?

१/१२
१८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या एका प्रश्नाचा निकाल दिला : छोट्या बाटलीतले खोबरेल हे खाद्यतेल की केशतेल? २००९ पासून हे प्रकरण त्या न्यायालयात प्रलंबित होते. प्रश्न कराचा होता; पण त्याची मुळे करकायद्यापेक्षा फार जुनी आहेत. त्या मुळांचा हा धागा.

२/१२
चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील ढोफार (आजचे ओमान) येथे नारळाचे तेल काढताना पाहिले. पिकून गळालेले नारळ सोलायचे, खोबऱ्याचे तुकडे उन्हात वाळवायचे, मग कढईत शिजवून तेल काढायचे. ते दिव्यात जाळतात, त्यात भाकरी बुडवून खातात आणि स्त्रिया केसांना लावतात, अशी नोंद त्याने केली आहे.

३/१२
भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सुके खोबरे लाकडी घाण्यात घालून तेल काढले जाई. चांगल्या वाळलेल्या खोबऱ्यात वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास तेल असते. उरलेली पेंड गुरांना जाते. दुसरी रीत ओल्या नारळाची : त्याचे दूध काढून ते आटवायचे. केरळात अशा तेलाला ‘उरुक्कु वेळिच्चेण्ण’ म्हणतात आणि तान्ह्या बाळांच्या अंगाला ते लावण्याची तेथे परंपरा आहे.

४/१२
‘तेल’ हा शब्द मुळात तिळापासून आला; किनाऱ्यावर मात्र हा मान नारळाने घेतला. केरळात मासे, भाज्या आणि केळ्याचे काप याच तेलात शिजतात वा तळले जातात. गोव्यातही ते स्वयंपाकात वापरले जाते. देशावर फोडणी शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलाची, म्हणून तेथे ‘खोबरेल’ म्हटले की डोके आणि वेणीच आठवते. एकाच तेलाचा अर्थ घाट ओलांडताच बदलतो.

५/१२
युरोपने या तेलाला तिसराच अर्थ दिला : औद्योगिक कच्चा माल. जनावरांच्या चरबीच्या मेणबत्त्या धूर आणि दुर्गंध सोडत. १८३० मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या प्राइस कंपनीने खोबरेलातील घट्ट भाग वेगळा काढून अधिक स्वच्छ जळणाऱ्या मेणबत्त्या बनवल्या आणि त्यासाठी सिलोनमध्ये नारळाची लागवड केली. खोबरेलाच्या साबणाला खाऱ्या पाण्यातही फेस येतो, त्यामुळे जहाजांवर तो सोयीचा ठरला.

६/१२
१८८४ मध्ये विल्यम लीव्हर यांनी ‘सनलाइट’ साबण बाजारात आणला. त्यात चरबीचे प्रमाण कमी करून खोबरेलासारख्या वनस्पतिजन्य तेलांचे प्रमाण वाढवले होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लीव्हर यांची कंपनी नारळाच्या मळ्यांसाठी पॅसिफिकमधील सॉलोमन बेटांपर्यंत पोहोचली. इंग्लंडमधील कपडे धुण्यासाठी दूरच्या बेटांवरची जमीन आणि मजुरी कामाला लागली.

७/१२
याच व्यापारात भारतीय भांडवल उतरले ते १९१७ मध्ये. मुंबईच्या टाटांनी कोचीनमध्ये ‘टाटा ऑइल मिल्स’ची मुहूर्तमेढ रोवली. खोबऱ्यापासून तेल काढणे हे तिचे आरंभीचे काम. पुढे ती साबणाकडे वळली आणि तिचा ‘५०१’ साबण घरोघरी पोहोचला. मलबारचा नारळ आणि मुंबईचे भांडवल यांची ही जोडी पुढेही टिकली.

८/१२
मुंबईच्याच मारिवाला घराण्याच्या ‘पॅराशूट’ने तेल पत्र्याच्या डब्यातून प्लास्टिकच्या बाटलीत आणले. दुकानदार धास्तावलेले होते, कारण आधीच्या चौकोनी बाटल्या उंदीर कुरतडत. उत्तर म्हणून बाटली गोल करण्यात आली. उंदरांच्या दातांना पकडायला कोपराच उरला नाही. सुमारे २४ अंश सेल्सियसखाली खोबरेल गोठते, म्हणून थंडीत ती बाटली उन्हात ठेवणे हा अनेक घरांतला नित्यक्रम झाला.

९/१२
केसांना त्याचा उपयोग होतो का? खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते. त्याचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकतात. केस धुताना होणारी प्रथिनांची हानी खोबरेलाने कमी होते, सूर्यफुलाच्या वा खनिज तेलाने तसे होत नाही, असे २००३ मधील एका अभ्यासात आढळले. तो अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांचा होता. निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही. पण साधन कोणाचे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवायलाच हवे.

१०/१२
आहाराचा वाद अधिक तीव्र आहे. या तेलात ऐंशी टक्क्यांहून अधिक संपृक्त मेद आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत ‘उष्णकटिबंधीय तेलां’विरुद्ध मोहीम झाली; तिच्यात तेथील सोयाबीन उत्पादकांचे हितसंबंधही होते. खोबरेलाचे समर्थक १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला टोकेलाऊ आणि पुकापुका बेटांचा अभ्यास पुढे करतात : तेथील आहारात नारळ भरपूर, तरी हृदयविकार विरळ. मात्र ते लोक अख्खा नारळ आणि मासे खात होते, बाटलीतले तेल नव्हे.

११/१२
पुढील चाचण्यांचा कौल अधिक स्पष्ट आहे. २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने खोबरेल टाळण्याचा सल्ला दिला. २०२० मध्ये अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले; त्यात सोयाबीन, ऑलिव्ह यांसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल कोलेस्टेरॉल वाढल्याचे दिसले. म्हणजे केरळच्या माशाच्या कालवणात ते परंपरेने आले म्हणून विष ठरत नाही आणि ‘सुपरफूड’ असे लिहिले म्हणून औषधही ठरत नाही.

१२/१२
आता पुन्हा न्यायालयाकडे. जीएसटीत खाद्यतेलावर ५ टक्के आणि केशतेलावर १८ टक्के कर होता. २००९ मध्ये उत्पादनशुल्क खात्याने २०० मिलीपर्यंतची बाटली केशतेल मानावी असे परिपत्रक काढले. २०१५ मध्ये ते मागे घेतले. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते दुभंगली. अखेर २०२४ मध्ये ठरले : बाटलीवर केशतेल म्हणून स्पष्ट उल्लेख नसेल, तर शुद्ध खोबरेल हे खाद्यतेलच. केवळ आकारावरून वापर ठरत नाही. हातात पैसे कमी असलेला किंवा ताजे तेल हवे असलेला माणूसही स्वयंपाकासाठी लहान बाटली घेतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये केशतेलावरील करही ५ टक्क्यांवर आला आणि ज्या फरकासाठी इतकी वर्षे भांडण झाले, तो फरकच मिटला. ढोफारच्या बायकांनी भाकरी आणि केस यांच्यासाठी दोन वेगळी भांडी ठेवली होती का, हे विचारण्याची गरज इब्न बतूताला वाटली नव्हती. वस्तूंना कप्पे लागतात ते करवसुलीला आणि बाजाराला. घरातले माणूस तीच बाटली देवघरात, चुलीपाशी आणि आरशासमोर नेत आले आहे.

(धागा समाप्त)