मर्क्युरी, फ्रेडी : स्मृतिवस्तूंचा लिलाव

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी (५ सप्टेंबर १९४६–२४ नोव्हेंबर १९९१) याच्या संग्रहाची सदबीज या लिलावसंस्थेने २०२३ मध्ये लंडनला केलेली विक्री. झांझिबारमध्ये जन्मलेल्या या पारशी कलावंताचे मूळ नाव फारोख बलसारा. तो पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि तिथल्या ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये पियानो वाजवी. त्याचे केन्सिंग्टनमधील घर व चीजवस्तू मेरी ऑस्टिन या मैत्रिणीने तीस वर्षे जिवापाड जपल्या. लिलावापूर्वीचे प्रदर्शन पाहायला लाखाहून अधिक लोक लोटले. त्याच्या यामाहा पियानोला १७ लाख पौंडांहून अधिक किंमत आली. मात्र संग्रहाचे खरे मोल ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याच्या कच्च्या खर्ड्यात आहे : विमान कंपनीच्या छापील कागदावर ‘मंगोलियन’ लिहून खोडलेले, वर नवा शब्द. घराच्या बागेचा हिरवा दरवाजा चाहत्यांनी प्रेमाने लिहिलेल्या मजकुरांनी भरला होता. तोही चार लाख पौंडांवर गेला. असा एकसंध संग्रह विखुरला, ही हानीच होय. उत्पन्नाचा काही भाग एड्सविरोधी कार्य करणाऱ्या मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट आणि एल्टन जॉन एड्स फाउंडेशन यांना देण्यात आला.