रीळ मोअर (हिरवळ कापणीचे यंत्र)
वेटोळी पाती बसवलेले फिरते रीळ आणि खालचे स्थिर पाते यांच्या चिमटीत गवत कात्रीसारखे कापणारे यंत्र. इंग्लंडमधील स्ट्राउडच्या एडविन बडिंगने १८३० मध्ये त्याचे पेटंट घेतले. कल्पना सुचली ती कापडगिरणीतील लव छाटणाऱ्या यंत्रावरून. क्रिकेटची मैदाने व गोल्फची हिरवळ आजही यानेच कापतात.

कापणीचा दर्जा गवताच्या शेंड्यावर दिसतो. शेंडा फाटून एकदोन दिवसांत पांढुरका पडला, तर पाती बोथट आहेत किंवा त्यांची जुळणी ढिली आहे. सरळ न कापलेली रेघ राहिली, तर पात्याला खाच पडलेली असते. तपासणीला वर्तमानपत्राची पट्टी पुरते: रीळ काठीने सावकाश फिरवावे (बोटांनी कधीही नाही) आणि पट्टी पात्याच्या पूर्ण लांबीत स्वच्छ कापली जाते का ते पाहावे. कापली जात नसेल, तर जुळणीचे दोन्ही टोकांचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे फिरवावेत. घट्ट आवळण्याचा मोह वाईट. पाती तापतात, लवकर झिजतात. किरकोळ बोथटपणा धारेची पेस्ट लावून रीळ उलटे फिरवल्याने जातो, खाच मात्र ग्राइंडिंगशिवाय जात नाही.

कापणीची उंची यंत्राच्या पुढच्या-मागच्या रुळांवर सरळ पट्टी टेकवून मोजतात. आदिलाबाद, यवतमाळकडील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पृष्ठभाग उंचसखल होतो. तेथे हरळी फार खाली कापल्यास माती उघडी पडते. एका वेळी गवताचे एक तृतीयांशाहून अधिक पाते छाटू नये.