चार माणसं, एक बाजा आणि एक खोटं नाव

मागच्या काही भागांत आपण मोठमोठ्या नावांबद्दल बोललो. आज ज्याच्याबद्दल बोलायचंय, त्याचं नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलं नसेल. ज्युनियर वेल्स. शिकागोचा ब्लूज गायक आणि हार्मोनिकावादक. आणि त्याचा १९६५ सालचा अल्बम, 'हूडू मॅन ब्लूज'.

'हूडू' म्हणजे काय? आपल्याकडे गावात म्हणतात ना, कुणीतरी करणी केलीय, तसलंच. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय समाजात जडीबुटी, ताईत, मंत्रतंत्र अशी जी परंपरा होती, ती हूडू. आपल्या प्रेमावर कुणीतरी करणी केलीय, अशी कैफियत या गाण्यात आहे.

आधी वाद्याबद्दल बोलू. हार्मोनिका म्हणजे आपला माउथ ऑर्गन. 'शोले'त जय रात्री पायरीवर बसून वाजवतो तोच. जर्मनीतल्या होनर कंपनीनं तो लाखोंनी बनवला आणि जगभर विकला. दहा भोकं, आत पितळेच्या वीस रीड्स. आपल्या पेटीत असतात तशाच रीड्स. तो बनवला होता युरोपातल्या साध्या लोकगीतांसाठी, आणि त्यासाठी मुख्यतः फुंकायचं असतं.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी मात्र तो जणू उलटाच वाजवला. बाजा ज्या पट्टीत बनवलाय ती सोडून त्यांनी दुसऱ्याच पट्टीत गाणं धरलं आणि फुंकण्याऐवजी श्वास आत ओढण्यावर भर दिला. ओढताना जीभ आणि घसा यांची ठेवण बदलली की सूर खाली वाकतो. पेटीवर मींड निघत नाही, ही आपल्याकडची जुनी तक्रार. इथे तशाच रीड्समधून मींड निघते, रडणं निघतं, आगगाडीची शिट्टीसुद्धा निघते. आणि हे वाद्य स्वस्त, खिशात मावणारं. गरीब पोराला परवडेल असं.

खरं तर ज्युनियरला तेही परवडलं नव्हतं! तो स्वतः सांगायचा ती गोष्ट अशी. लहानपणी त्यानं आठवडाभर काम केलं, मजुरी मिळाली दीड डॉलर. दुकानात बाजा होता दोन डॉलरचा. दुकानदार काही ऐकेना. पोरानं दीड डॉलर तिथेच ठेवले आणि बाजा घेऊन धूम ठोकली. प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीशानं विचारलं, असं का केलंस? तो म्हणाला, मला तो हवाच होता. मग न्यायाधीशानं त्याला वाजवून दाखवायला सांगितलं, ते ऐकलं, आणि उरलेले पन्नास सेंट स्वतःच्या खिशातून भरून खटला निकाली काढला. गोष्टीला थोडं मीठमसाला लागलाही असेल, पण ज्युनियर ती अशीच सांगायचा.

त्याचा जन्म १९३४ चा, मेम्फिसच्या परिसरातला. त्या काळात दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं कामासाठी, आणि तिथल्या वर्णभेदाच्या जाचातून सुटण्यासाठी, उत्तरेकडच्या शहरांत चालली होती. ज्युनियरही असाच शिकागोला आला. तिथे ब्लूज हार्मोनिकाची वाट घालून दिली होती जॉन ली 'सनी बॉय' विल्यमसननं. १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्याचा खून झाला. वय अवघं चौतीस. ज्युनियरच्या अल्बममधलं शीर्षकगीत मुळात याच सनी बॉयच्या गाण्यावरून आलेलं आहे.

त्याच्या मागून आला लिटल वॉल्टर. त्यानं छोटा मायक्रोफोन आणि बाजा दोन्ही मुठीत धरून तो आवाज ॲम्प्लिफायरमधून सोडला आणि हार्मोनिका सॅक्सोफोनसारखी गर्जायला लागली. १९५२ मध्ये त्याचं 'ज्यूक' तुफान गाजलं. तो मडी वॉटर्सचा बँड सोडून बाहेर पडला आणि ज्युनियरचे साथीदार घेऊन गेला. मडीकडे रिकामी झालेली जागा मिळाली ज्युनियरला. तेव्हा तो अठराचाही नव्हता!

आता येऊ १९६५ कडे. या वर्षी ब्लूज अडचणीत आहे. कृष्णवर्णीय तरुणाई जेम्स ब्राऊनच्या तालावर नाचतेय आणि ब्लूज त्यांना आईबापांच्या जमान्यातलं वाटतंय. ब्लूजच्या तबकड्या निघत होत्या त्याही सिंगल्स. ज्यूकबॉक्स आणि रेडिओसाठी, तीन मिनिटांच्या आत, कंपनी सांगेल तशा. एलपी म्हणजे बहुतेकदा अशाच जुन्या सिंगल्सची मोळी.

बॉब केस्टर नावाचा एक माणूस शिकागोत रेकॉर्डचं दुकान चालवायचा आणि सोबत डेलमार्क नावाची छोटी कंपनी. साउथ साइडला थेरेसाज लाउंज नावाचा तळघरातला बार होता, तिथे ज्युनियर वाजवायचा. केस्टरनं त्याला सांगितलं, गाणी तुझी तू निवड, माणसं तुझी तू आण, तीन मिनिटांची अट नाही.

सप्टेंबर १९६५ मध्ये चौघं स्टुडिओत गेले. ज्युनियर, गिटारवर बडी गाय, बेसवर जॅक मायर्स, ड्रम्सवर बिली वॉरन. पियानो नाही, सॅक्सोफोन नाही. मध्येच बडीचा ॲम्प्लिफायर बिघडला. ध्वनिमुद्रक स्टू ब्लॅकनं त्याची गिटार हॅमंड ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरला जोडून दिली. या स्पीकरच्या आतले भाग गरगर फिरतात, त्यामुळे आवाज पाण्याखालून आल्यासारखा थरथरतो. शीर्षकगीतातली ती भुताटकीसारखी गिटार म्हणजे हा जुगाड.

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. वेळेची अट उठवली, तरी बाराच्या बारा गाणी पाच मिनिटांच्या आतच संपतात! मिळालेली मोकळीक त्यांनी लांबण लावायला वापरलीच नाही. ती वापरली जागा सोडायला. ज्युनियर एक ओळ म्हणतो, थांबतो, बाजा दोनच सूर बोलतो, गिटार हळूच उत्तर देते. सवाल-जवाबच. कुणी कुणावर चढत नाही. पहिलंच गाणं 'स्नॅच इट बॅक अँड होल्ड इट' ऐका, त्यात जेम्स ब्राऊनचा ठेका सरळ आत घेतलाय. म्हणजे ब्लूज म्हातारा झाला म्हणणाऱ्यांना दिलेलं उत्तरही त्यातच आहे.

पण या मोकळिकीला एक अपवाद होता. बडी गाय तेव्हा चेस या मोठ्या कंपनीच्या करारात होता. करार मोडल्याचा आरोप नको, म्हणून पहिल्या आवृत्तीच्या कव्हरवर त्याचं नावच नव्हतं. छापलं होतं 'फ्रेंडली चॅप'. म्हणजे कुणीतरी स्नेही गृहस्थ! बारमध्ये तो जी दणदणीत गिटार वाजवायचा, ती चेसला रेकॉर्डवर नको होती, हे बडीनं पुढे अनेकदा सांगितलंय. म्हणजे बघा, ज्या कंपनीकडे त्याचं नाव होतं तिथे त्याला मनासारखं वाजवू दिलं जात नव्हतं, आणि जिथे मनासारखं वाजवता आलं तिथे नाव लावता येत नव्हतं. पुढच्या आवृत्त्यांवर खरं नाव आलं, पण वाट बघावी लागली.

बडी पुढे जगभर गाजला. २०११ मध्ये मुंबईत मेहबूब स्टुडिओतल्या ब्लूज महोत्सवातही तो वाजवून गेला. ज्युनियर १९९८ मध्ये गेला. त्याचं नाव बडीइतकं मोठं कधीच झालं नाही. २००८ मध्ये या अल्बमला ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, तेव्हा तो नव्हता.

ऐकणार असाल तर एकच करा. फोनच्या स्पीकरवर नको, इयरफोन लावा आणि शीर्षकगीत ऐका. बाजा कधी वाजतो हे मोजू नका. कधी गप्प बसतो, तिकडे कान ठेवा. भेटू पुढच्या भागात!