नाममुद्रा: गाणे कुणाच्या नावावर?

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बारामतीचे नाव येते ते मोरोपंतांमुळे. १७२९ मध्ये पन्हाळ्यास जन्मलेला हा कवी बाबूराव नाइकांच्या आश्रयाने बारामतीत राहिला, पुराण सांगत राहिला आणि १७९४ मध्ये इथेच वारला. त्यांच्या आर्यांच्या गुणावगुणात मला शिरायचे नाही. मला एक व्यावहारिक गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे 'मयूर' ही नाममुद्रा. 'केकावली' म्हणजे मोराच्या टाहोंची माळ. कवीचे नाव थेट ग्रंथाच्या शीर्षकात. पोटाची सोय सरदाराने केली, लिहायला कागद होता आणि सोलापूरच्या राम जोशींनी या आर्या कीर्तनात नेल्या. रचना उभी करून लोकांपर्यंत पोचवायला जे जे साहाय्य लागते, ते सारे एका ब्राह्मण कवीला अठराव्या शतकात कऱ्हाकाठी मिळाले. वेशीबाहेरच्या गाण्याला ना वाडा होता ना वही. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आजीला अक्षरओळख नव्हती, तिच्या ओव्या तिच्याबरोबर गेल्या.

पुढच्या शतकात फार फरक पडला असे म्हणवत नाही. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) जन्माने कुलकर्णी, पवळा महार समाजातली. फडाची गर्दी तिच्या गळ्यावर आणि पायांवर उभी होती. पण लावणीच्या शेवटी नाव येते ते बापूरावांचेच, कारण लेखणी त्यांच्या हाती होती.

हे नाते बदलले ते जलशाने. सत्यशोधक समाज १८७३ चा; त्याच्या परंपरेतल्या जलशांनी तमाशाचाच साचा घेतला आणि त्यातली सामग्री बदलली. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. त्यात काम वाटलेले असे: शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, झील तिसऱ्याची. परंतु सारे एकाच पथकातले आणि एकाच चळवळीतले. चाल बहुधा लोकांच्या ओठी असलेलीच घेत. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) सुरुवातही हिंदी सिनेगीताच्या विडंबनाने झाली. याला कुणी उसनवारी म्हणो; ज्यांच्यापाशी संगीतकाराला द्यायला पैसा नव्हता, त्यांनी चालीचा खर्च वाचवून विचार गावोगाव पोचवला, असे मी म्हणेन. आणि शेवटच्या कडव्यात 'वामन' येई. आमच्या कवींचा सात-बारा तो हाच.

यंत्राने घाव घातला तो नेमका या कडव्यावर. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. गाणे त्यात बसवायचे तर कडवे गाळावे लागते, आणि शेवटचे गाळले की कवीच गेला. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली, भीमगीते घरोघर वाजू लागली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज वाडीवस्तीवर पोचला. हा लाभ मोठा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण वेष्टनावर फोटो गायकाचा, बोधचिन्ह कंपनीचे, आणि गीतकार असलाच तर बारीक टाइपात. याच्या उलट उदाहरणही आहे. गी पॉयटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या लाखभर ओव्या जमा झाल्या, त्या गाणारीचे नाव आणि गाव नोंदवून. नोंद करता येते. करायची इच्छा लागते.

आज बारामतीत, इंदापुरात एप्रिल जवळ आला की माझे विद्यार्थी जयंतीचे गाणे करायला स्टुडिओ गाठतात. उसनी चाल इंटरनेटवर अडते, म्हणून नवी चाल हवी, संयोजक हवा, मिक्सिंग करणारा हवा. व्यावसायिक मदत घ्यावी, यात कमीपणा काही नाही. पण ही मुले पैसे मोजतात आणि वर मालकीही सोडून येतात, कारण स्टुडिओ म्हणजे मालक असे त्यांना वाटते. १९५७ चा कॉपीराइट कायदा तसे म्हणत नाही. ध्वनिमुद्रणाचा निर्माता तो, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली; मजुरीवर यंत्र चालवणारा नव्हे. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा. तो लेखी सहीशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. नोंदणीची सक्ती नाही. आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मानधनातला समान वाटा असा बांधला आहे की तो त्यांनी सोडतो म्हटले तरी सुटत नाही. मोरोपंतांना सरदार होता. आपल्याला निदान हे कलम आहे.

म्हणून स्टुडिओत जाण्यापूर्वी एक कागद करायचा, असे आम्ही ठरवले आहे: शब्द कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा, खर्च कुणाचा, खाली सगळ्यांच्या सह्या. शेवटचे कडवे गाळायचे नाही, हेही त्यातच. ढोलकीवाल्याचे नाव कोणत्या रकान्यात घालायचे, यावर मात्र मुलांचा अजून वाद चालू आहे.