तीर्थरूपांची विलायती सायकल

आमच्या तीर्थरूपांची सायकल विलायती होती, हे पनवेलच्या आमच्या आळीत वेदवाक्य होतं. नॉटिंगहॅमची रॅले कंपनी कधी निघाली, हे मला शिवाजीमहाराजांच्या जन्मसालाआधी पाठ झालं. वास्तविक जुन्या गॅझेटियरात पनवेलचं नाव आहे ते बैलगाडीची चाकं बनवण्याबद्दल. पण आपल्या गावाच्या चाकावर कोण बसतो?

निवृत्तीनंतर माणसाला खूळ लागतं. मला १९५८ सालची ती सायकल माळ्यावरून काढून नवी करायचं लागलं. गंज गेला, काळा रंग चढला. अडलं ते अक्षरांपाशी. सायकलीवरचं नाव म्हणजे रंगाऱ्याचं काम नव्हे. डिंक फासलेल्या कागदावर ते छापलेलं असे. कागद पाण्यात बुडवला की डिंक सुटायचा आणि अक्षरांचा तलम पापुद्रा दांड्यावर अलगद सरकवायचा. असा कोरा कागद हल्ली मिळतो. मुलाच्या प्रिंटरवर नाव छापलं, परातीत सोडलं, आणि अख्खी रॅले कंपनी माझ्या डोळ्यांदेखत विरघळली! शाई वाळवून वर लाखेचे तीन पातळ हात द्यायचे असतात, हे मागाहून कळलं. शिवाय प्रिंटरला पांढरी शाई ठाऊक नाही. पारदर्शक कागदावरचा सोनेरी रंग काळ्या दांड्यावर गेला की गडप. म्हणून पांढऱ्या पाठीचा कागद घेऊन अक्षराच्या कडेकडेने नखं कापायची कात्री चालवली. सोनेरी म्हणून जे उमटलं ते हळदीसारखं दिसतं, पण असो.

खरी पंचाईत सीटखालच्या नळीवर. तिथे रंग काढताना 'मेड इन' एवढंच सापडलं होतं. पुढचं खरवडलेलं. आता लिहायचं काय? स्वातंत्र्यानंतर सुधीरकुमार सेन यांनी नॉटिंगहॅमवाल्यांशी भागी करून बंगालात असनसोलला कारखाना काढला होता, आणि तिथल्या सायकलींवरही रॅलेचंच नाव असे. (पुढे १९८० साली एकाच कायद्याने ही सेन-रॅले आणि आपल्या वरळीची हिंद सायकल, दोन्ही सरकारने ताब्यात घेतल्या.) तेव्हा कारकुनाच्या पगारात आलेली सायकल बोटीने आली की आगगाडीने?

दोन्ही देश छापून ठेवले आणि आईला विचारलं. ती नव्वदीत आहे, पण कान शाबूत.

"अरे, इंडियाच होतं तिथे," ती म्हणाली. "आणली त्याच रात्री ह्यांनी ब्लेडने खरवडलं. कंदील मी धरला होता."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"कुणी विचारलं?"

मी इंग्लंड बाजूला ठेवलं आणि 'इंडिया' परातीत सोडलं. सुटल्यावर नळीवर सरकवलं, फडक्याने पाणी टिपलं. आईने चष्मा लावून वाकून पाहिलं.

"जरा तिरकं बसलंय," ती म्हणाली. "ह्यांना नसतं चाललं."