खवलं आणि अक्षरं

रेवदंड्याला कोळीण दारात आली की आजी पाटीत हात घालून आधी खवलं चाचपायची. रावस घरात यायचा, मुशी परत जायची. कोळंबी आणि कुर्ल्यांना तर उंबरठाच बंद. का, असं विचारलं की गोष्ट सुरू व्हायची.

नवगावच्या किनाऱ्याला आमच्या ज्यू पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष नि सात बायका वाचल्या, पोथ्या दर्याने नेल्या. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी मात्र बैल जुंपत नसत, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागलं. मुलाची सुंता आठव्या दिवशी व्हायची. हिब्रूतली ‘शेमा’ ही एक प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली होती. पुढे कधीतरी दावीद राहाबी नावाचा एक ज्यू आला. त्याने बायकांपुढे सगळी मासळी एकत्र ओतली. त्यांनी खवलं आणि पर असलेली निवडून घेतली, बाकीची बाजूला सारली. ‘तेवढ्यावर ओळखलंन त्याने,’ आजी म्हणायची, ‘ही आपलीच माणसं.’

इतिहासकार या राहाबीला कुणी अकराव्या शतकात, कुणी अठराव्या शतकात ठेवतात. मी मोठेपणी तोराचं, आमच्या धर्मग्रंथाचं, तिसरं पुस्तक मराठीत वाचलं, तेव्हा अकराव्या अध्यायात मला आजीची पाटी सापडली. पोथी नसलेल्या घरांनी तो अध्याय चुलीपाशी सांभाळला होता.

मग अक्षरं परत आली. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत बेने इस्राएलांचं, म्हणजे आम्हा कोकणातल्या ज्यूंचं, पहिलं सिनेगॉग बांधलं. 1832 मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. त्याला धर्मप्रसार हवा होता. आमच्या लोकांनी हिब्रू घेतली आणि आपला धर्म राखला. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनेची पुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. 1880 च्या सुमारास बेने इस्राएलांची कीर्तनंही सुरू झाली. आजोबांनी योसेफाची गोष्ट प्रथम ऐकली ती कीर्तनातच, साकी-दिंडीच्या चालीवर. भावांनी त्याला विकलं तिथे मांडवातल्या बायका पदराने डोळे पुसत, असं ते सांगायचे.

या सगळ्याला मी अभ्यासच मानते. विद्वानाने शब्दाचा अर्थ लावला, कीर्तनकाराने त्याला चाल दिली. पण त्याआधी कित्येक पिढ्या तो अर्थ घाण्यावर आणि विळीवर रोज पाळला गेला होता. त्या पाळण्याचा मान पहिला.

1874 मध्ये पुण्यात हग्गादा छापली गेली. मिसरमधून सुटकेची ही कथा पेसाह सणाच्या रात्री वाचतात. हिब्रूसोबत मराठी, आणि वर चित्रं. त्यातलं बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायकांचं चित्र मी आजीला दाखवलं. बायका लुगडी नेसून जमिनीवर बसल्या होत्या. आजीने चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘हिचा हात बघ. पीठ मळणारीचा आहे. चित्र काढणारा आपल्या घरी येऊन गेला असणार.’