एका नावाखालचे अनेक आजार

‘घरात कुणाला होता का?’ स्तनाच्या कर्करोगाची शंका आली की डॉक्टर आता हा प्रश्न विचारतातच. त्याचं जनुकीय उत्तर मिळायला मात्र सव्वाशे वर्षं लागली.

फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका याने १८६६ साली आपल्या पत्नीच्या घराण्याची हकिगत छापली. चार पिढ्यांतल्या बायका, आणि मृत्यूचं पुन्हापुन्हा तेच कारण. हा योगायोग नव्हे, असं त्याचं म्हणणं होतं. वाटाण्यांवरचा मेंडेलचा निबंधही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि दुर्लक्षित राहिला. ब्रोकाकडे नोंद होती, आनुवंशिकतेचे नियम नव्हते.

मेरी-क्लेअर किंग यांनी १९७४मध्ये हा धागा उचलला. एवढ्या गुंतागुंतीच्या आजारामागे काही घरांत एकच जनुक असेल, हे तेव्हा फार थोड्यांना पटत होतं. २३ कुटुंबं, १४६ रुग्ण. सगळी माहिती एकत्र धरली तर चित्र धूसरच राही. आजार कोणत्या वयात जडला त्यानुसार कुटुंबं क्रमाने लावली, तेव्हा तरुणपणी आजार होणाऱ्या घरांत १७व्या गुणसूत्राचा एक भाग ठळक दिसू लागला. साल १९९०. चार वर्षांनी ‘बीआरसीए१’ हे जनुक हाती आलं. पुढच्याच वर्षी ‘बीआरसीए२’.

दोन्ही जनुकं डीएनएची दुरुस्ती करतात. तरी बिघाडाचे परिणाम वेगळे. ‘बीआरसीए१’मधल्या दोषाने होणाऱ्या गाठी बऱ्याचदा वेगाने वाढतात आणि हॉर्मोन रोखणाऱ्या औषधांना दाद देत नाहीत. ‘बीआरसीए२’च्या बहुतेक गाठी हॉर्मोनवर पोसलेल्या असतात.

तीव्रता केवळ वारशातून ठरत नाही. डेनिस स्लेमन यांच्या गटाने १९८७मध्ये दाखवलं, की काही गाठींमध्ये ‘हर२’ जनुकाच्या जादा प्रती तयार झालेल्या असतात आणि अशा स्त्रियांचा आजार लवकर उलटतो. हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो, गाठीतच घडतो. १९९८मध्ये ट्रास्टुझुमॅब हे औषध आलं, ते नेमकं ‘हर२’वरच नेम धरणारं. जी खूण अशुभ मानली जाई, तीच उपचाराची वाट झाली. बीआरसीएचंही तसंच झालं: पेशीची दुरुस्ती आधीच लंगडी असेल, तर दुरुस्तीची दुसरी वाटही औषधाने अडवायची, म्हणजे कर्करोगाची पेशी मरते. २००५मध्ये प्रयोगशाळेत दिसलेलं हे तत्त्व २०१८पासून स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधात उतरलं.

बीआरसीएतला दोष वडिलांकडूनही येतो, हे मात्र अजून अनेकांना ठाऊक नसतं. स्वतः आजारी न पडता बाप तो लेकीला देऊ शकतो. म्हणून आत्या आणि वडिलांची आई कशाने गेली, हे कळणं आईकडच्या माहितीइतकंच मोलाचं. आपल्याकडचे जुने वंशवृक्ष मुलग्यांचे. लग्न झालेली लेक त्यातून बाहेर. तिच्या आजाराची नोंद कुठली असायला! ब्रोकाने बायकोच्या माहेरासाठी केलं, ते आपल्याला आपल्या घरासाठी करता येईल: घरातल्या बायकांची नावं, आजार जडला ते वय, मृत्यूचं कारण. एक वहीचं पान पुरतं.